सही न देणारी बहीण

आमच्या भावकीत मला ‘वाटा मागणारी’ म्हणतात. मागं बोलतात आणि तोंडावरही बोलतात. एका लग्नात तर पंगतीत माझ्या शेजारची बाई उठून पलीकडं जाऊन बसली, जसा काही वाटा मागणं हा लागणीचा रोग आहे. बोलू द्या. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही. पण झालं काय ते एकदा नीट मांडून ठेवावं असं फार दिवसांपासून मनात आहे. नावं घालत नाही, कुणाच्या भाकरीवर गदा यायला नको.

आमच्याकडची रीत अशी की बाप गेला की बहिणीला साडीचोळी करायची आणि हक्कसोडीच्या कागदावर तिची सही घ्यायची. तीही हसतमुखानं करते, कारण सही केली की माहेर राहतं आणि वाटा मागितला की तुटतं, हे तिला परकरात असल्यापासून ठाऊक असतं. मी जिंतूरला शाळेत मास्तरीण आहे. मुलींना समान हक्काचा धडा घसा फोडून शिकवते. तरी खरं सांगते, माझीही सही द्यायला काही हरकत नव्हती. ती राहिली ती निव्वळ आळसानं. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर भावाचं आणि माझं अशी दोन नावं लागली. सहीचा विषय निघाला की भाऊ म्हणायचा, “करू की कवातरी अक्का, तू काय पळून चाललीस का?” मानवतजवळ रस्त्याला लागून अडीच एकर रान आहे, ते तसंच दोघांच्या नावावर राहिलं.

भाऊ माझ्याहून बराच लहान. आई तो शाळेत जायच्या आधीच गेली, म्हणून त्याला अर्धामुर्धा मीच वाढवला. तो मानवतच्या मोंढ्यात, शेतमालाच्या पेठेत, एका आडत दुकानावर मुनीम. गल्ल्यावर मालक बसतो, याचं काम पट्ट्या लिहायचं, म्हणजे कुणाचा कापूस किती भरला, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती द्यायचे. आकडेमोडीत असा पक्का की शेतकरी मालकाला सोडून याच्याकडं येऊन हिशोब पडताळून घ्यायचे. आणि हाच शहाणा मोबाईलवर रमी खेळून बुडाला. आधी चहाच्या पैशाएवढं खेळायचा म्हणे. मग कसलं चहाचं आणि कसलं काय!

पहिल्यांदा उघडं पडलं तेव्हा आम्ही काय केलं? जे सगळे करतात तेच. भावजयीचं गंठण मोडलं, पाटल्या मोडल्या, मी पतसंस्थेतून पगारावर उचल घेतली आणि सगळ्यांचे पैसे एका दमात फेडून टाकले. भावानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून आण घेतली. माझ्या मनावरचा धोंडा उतरला. दुसऱ्या महिन्यात भाऊ पुन्हा खेळायला लागला. तेव्हा भावजय जे बोलली ते मला तिथंच कळायला पाहिजे होतं. ती म्हणाली, “अक्का, कर्ज होतं तवर भिऊन घरी बसायचे. फिटलं आन् उधळले.” मी तिच्यावरच खेकसले. म्हटलं, काहीतरी अभद्र बोलू नको.

या खेपेला त्यानं पैसे उचलले ते एका प्लॉटिंगवाल्याकडून. हा माणूस रस्त्याकडेच्या जमिनी घेऊन प्लॉट पाडून विकतो आणि मधल्या काळात पैसा व्याजानं फिरवतो. आता भावजय आणि मी भावाला ओढतच परभणीला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. म्हणाले, हा आजार आहे. मारून जात नाही आणि लाडानं तर मुळीच जात नाही. याच्या हातात एकगठ्ठा पैसा येऊ देऊ नका. कर्ज त्याचं त्यालाच फेडू द्या, पगारातून, हळूहळू. मोबाईल गेला, साधा बटणांचा फोन आला. पगार भावजयीच्या खात्यावर जमा होऊ लागला. खेळताना पानं लावायला त्याचा उजवा अंगठा सारखा सरकायचा. मोबाईल काढून घेतला तरी जेवताना मांडीवर अंगठा चालूच. भावजय बघायची, मी बघायचे. पावसाळा सरता सरता तो अंगठा थांबला, तेव्हा कुठं मी श्वास सोडला.

तेवढ्यात प्लॉटिंगवाल्यानं डाव टाकला. जमीन मला द्या, कर्ज त्यात वळतं करतो, वरचे पैसे देतो. भावानं हे आमच्या चुलत्यांच्या कानावर घातलं. चुलते म्हणजे भावकीतला शेवटचा शब्द. त्यांना जुगाराचा पत्ता नव्हता. व्यापारात पैसे अडकले, एवढंच त्यांना सांगितलेलं. आणि दुसऱ्या कुणालाही सांगायची सोय नव्हती, कारण मोंढ्यात बातमी फुटली असती तर मालकानं भावाला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. नोकरी गेली की फेडायचं कशातून? चुलत्यांनी मला फोन केला, “ये बाई, सही कर, पोरगं मोकळं होऊ दे. साडी आणून ठिवलीय.”

खोटं कशाला बोलू, मी सही करायलाच गेले होते. एसटीत बसल्यापासून मनात एकच, एकदाचं मिटू दे. कर्ज परस्पर वळतं होतंय, याच्या हातात कुठं काय येतंय, अशी मी माझीच समजूत घातली होती. वरच्या पैशांचं म्हटलं तर ते बँकेत भावजयीच्या नावावर टाकायला लावू.

रजिस्ट्रीच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर सगळे बसले होते. चुलते, मांडीवर साडीचा पुडका. भाऊ, नवा शर्ट घालून. भावजय दाराशी उभी. प्लॉटिंगवाला गोड माणूस. मला खुर्ची दिली, चहा सांगितला.

“ताई, एक दस्तखत मारा, भाऊ मोकळा. आपला व्यवहार एकदम साफ हाय. वरची रक्कम आजच रोख देऊन टाकतो.”

“रोख ना?” भाऊ पटकन म्हणाला. “आजच ना?”

तो आवाज मी ओळखला. लहानपणी जत्रेत पैसे मागताना असाच आवाज निघायचा त्याचा. मी खाली पाहिलं. पँटीवर त्याचा अंगठा सरकत होता. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. मी दाराकडं पाहिलं. भावजयीनंही पाहिलं होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

काय करू? वरचे पैसे त्याच्या हातात देऊ नका म्हणावं, तर चुलते विचारणार, कामून? त्याचीच जमीन, त्याचाच पैसा. आणि त्या ‘कामून’चं उत्तर दिलं की संध्याकाळपर्यंत मोंढाभर झालं असतं. आतून शिपायानं नाव पुकारलं. सगळे आत गेलो, कागद पुढं आला, पेन हातात आलं. मी पेन टेबलावर ठेवलं.

“मला माझा वाटा पाहिजे,” मी म्हटलं.

चुलत्यांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. “काय म्हणलीस?”

“वाटा. अर्धा. मोजून, मधी बांध घालून. सही देणार नाही.”

“अगं लाज धर जरा! तुझा पगार हाय, जावायाचा पगार हाय, आन् भावाच्या ताटातला घास काढायलीस? तुझ्या बापाला काय वाटत असंल वर?”

“अक्का,” भाऊ म्हणाला, “कामून असं करायलीस?”

त्याला मी सांगू शकत होते, एका वाक्यात सांगू शकत होते. पण चुलते शेजारीच उभे होते. प्लॉटिंगवाल्यानं चहाचा कप खाली ठेवला, गोडवा संपला होता. चुलते उठले, पुडका पिशवीत कोंबला आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, “आजपासून माहेरचा उंबरा तुला बंद. मेलो तरी येऊ नको.” आजूबाजूचे लोक टकमका बघत होते. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, शिकलेल्या बायका अशाच. मला इतका संताप आला की वाटलं तिथंच ओरडावं, अरे जमीन गेली खड्ड्यात, मला भाऊ पाहिजे! पण मी पर्स उचलली आणि स्टँडवर आले. एसटीत खिडकीकडं तोंड करून जिंतूरपर्यंत रडले. कंडक्टरनं तिकिटाला हटकलं तेवढंच काय ते थांबले.

प्लॉटिंगवाला आठवड्यात जिंतूरला आमच्या घरी आला. आमचे हे सरळमार्गी कारकून, पांढरी गाडी दारात बघूनच त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, तुम्ही आत बसा.

“जमीन मिळायची नाही,” मी त्याला सांगितलं. “पैसे मिळतील. भावाच्या पगारातून, महिन्याच्या महिन्याला, भावजयीच्या हातून.”

“आन् न्हाई मिळाले तर?”

“तुमच्याकडं व्याजाच्या धंद्याचं लायसन आहे का, ते मी परभणीला जाऊन विचारीन. मला सुट्या भरपूर शिल्लक आहेत.”

तो उठता उठता म्हणाला, “बाई लय तिखट हाय तुमी.” व्याज कमी केलं, हप्ता कबूल केला. जाताना एवढं मात्र बोलून गेला की जमीन आज ना उद्या त्याच्याकडंच येणार, भावाला भूक लागली की भाऊच आणून देणार. म्हणून वाट्याची मोजणी मी कधी मागितलीच नाही; बांध पडला असता तर भावानं आपला अर्धा विकला असता.

ती दिवाळी माझी बिनामाहेराची गेली. भाऊबिजेला यांनी मला मुद्दाम बाजारात नेलं. रस्त्यात बायका भावाकडं निघालेल्या दिसल्या की मी दुकानांच्या पाट्या वाचत चालायचे. भावजय चोरून फोन करायची. हप्ता गेला, काम चालू हाय, परभणीला दवाखान्यात जाऊन आले, एवढंच सांगायची. भाऊ माझ्याबद्दल विचारतो का, हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी तो स्वतः आला. दारात उभा. मी ये म्हणायच्या आधीच बोलायला लागला.

“अक्का, त्या दिवशी पैसे हातात आले असते ना, तर मी घरी गेलोच नसतो. सगळं ठरवलं होतं. कुठं बसायचं, कुणाचा फोन घ्यायचा. हिला सांगणार होतो की चुलत्यांकडं थांबलो.”

मी त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली. आवाज आतपर्यंत गेला, हे बाहेर आले. मग मी पोहे करायला घेतले. त्यानं गाल चोळत दोन बशा खाल्ल्या.

जाताना चपला घालता घालता म्हणाला, “मी परत येईन सही मागायला. माझा भरवसा न्हाई. रडेन, आईची शपथ घालीन, काय वाट्टेल ते बोलीन. तरी देऊ नको.”

“नाही देत.”

“आन् भावकीत मी तुला शिव्याच देणार हाय. तुझी बाजू घेतली तर लोक इचारतील, मग खरं सांगावं लागंल.”

“दे बाबा. मन भरून दे.”

त्यानं दिल्या पण. आमची आतेबहीण फोनवर सांगायची, आज असं बोलला, अशी बहीण वैऱ्याला नको म्हणाला. मला रागही यायचा आणि बरंही वाटायचं. कधी कधी नुसताच राग यायचा. अरे, इतकं मनापासून बोलायची काय गरज होती!

यंदा शाळा सुरू झाल्यावर, मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला की भाऊ गेटवर आलाय. मी गेले. त्याची दाढी वाढलेली, डोळे लाल. लिंबाच्या झाडाखाली पांढरी गाडी उभी होती.

“अक्का, पोरीच्या कॉलेजचं काम हाय. खासगीत नंबर लागलाय, फार्मसीला. आज पैसे भरायची शेवटची तारीख. न्हाई भरले तर सीट जाती. तू आत्ता चल, ऑफिस बंद व्हायच्या आत मानवतला सही होऊन जाईल.”

पोरीची प्रवेशासाठी धावपळ चालली आहे, एवढं मला ठाऊक होतं. ती पोर बारावीत दिवसा घरकाम करून पहाटे उठून अभ्यास करायची. फार्मसी हेच तिचं स्वप्न, मलाच सांगितलं होतं तिनं. मी भरावेत तर माझी आधीची उचलच फिटलेली नव्हती, नवी कुणी दिली नसती. हे त्यालाही माहीत होतं. मी भावजयीला फोन लावला. लागला नाही.

“तूच म्हणाला होतास देऊ नको म्हणून.”

“तवा मला कुठं ठाऊक होतं पोरीचं असं होईल? अक्का, हे माझ्यासाठी न्हाई. पोरीसाठी मागायलोय. तिनं काय पाप केलंय?”

रडायला लागला. गेटवर पोरं जमली, मी त्यांना हाकललं. तो वाकून माझ्या पायाला हात लावायला लागला, मी मागं सरकले. खोटं वाटावं असं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मला पोरीचा चेहरा दिसत होता. वाटलं, जाऊ दे, चल, घाल ती सही, कशाला एवढी कठोर होतेस, पोरगी जन्मभर बोल लावील.

“नाही,” मी म्हटलं.

“आई असती तर तिनं तुला पोटची म्हणलं नसतं.”

“नाही देणार.”

“मग मेलो समज मला,” तो म्हणाला. गाडीकडं गेलाच नाही. विरुद्ध बाजूला, रस्त्यानं तरातरा चालत सुटला. प्लॉटिंगवाल्यानं काच वर केली आणि गाडी वळवून निघून गेला.

मी वर्गात गेले. फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही. यांना फोन केला, ते स्कूटर घेऊन स्टँडवर, रस्त्यावर बघून आले, कुठं दिसला नाही. त्याचा फोन बंद. भावजयीचा लागेना. असं बोलून गेलेला माणूस कुठं कुठं जाऊ शकतो, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रस्त्यात विहिरी आहेत, पुढं येलदरी धरणाचं पाणी आहे. घरी येऊन मी देवापुढं बसले आणि देवाला पण वाट्टेल ते बोलले. म्हटलं, मी शहाणपणा केला, त्याचा जीव गेला तर या हातांचं काय करू?

दिवेलागणीला भावजयीचा फोन आला.

“अक्का, कामून इतके फोन? चार्जिंग संपली होती, मी शिलाईचे कपडे द्यायला गेलते.”

“तो कुठंय?”

“हे काय, आत्ताच आलेत. जेवायलेत.”

मी भिंतीला टेकून खाली बसले. पलीकडून ताटावर वाटी आपटल्याचा आवाज आला, त्यानं पाणी मागितलेलं ऐकू आलं. मग मी तिला सगळं सांगितलं. गाडी, फार्मसी, शेवटची तारीख.

“कसली फी?” ती म्हणाली. “तिचा नंबर परभणीला सरकारीत लागला की. किरकोळ पैसे होते, सोमवारीच भरले मी.” मग तिच्या ध्यानात आलं. दबक्या आवाजात म्हणाली, “लय उपकार झाले अक्का. पण तुमाला कसं कळलं, हे फीचं खोटं हाय म्हणून?”

“कळलं असंच,” मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

मला काही कळलं नव्हतं. फी खरी आहे असं धरूनच मी त्याला नाही म्हटलं होतं.